वाट नसलेली जागा

१

रागिणी तायडेचं काम माणसांच्या पायांमागे लागण्याचं होतं. अमरावतीच्या कॅम्प भागात एका पिवळ्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर ती दिवसभर उपग्रहाची चित्रं उघडून बसायची. अकोटच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी काळदरी अभयारण्य आहे. तिथं पर्यटकांनी या आठवड्यात नवीन कुठं नासधूस केली, ते तिनं हुडकायचं आणि साहेबांना कळवायचं. साहेब ते वर कळवायचे. वरचे पुढं काय करायचे, ते विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

त्या चित्रांत जंगल हिरवं दिसत नाही, लालभडक दिसतं. पानांतून निघणारा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड यंत्र लाल रंगवून दाखवतं. झाड जितकं जिवंत तितकं ते लाल. आणि जिथं गवत मेलं, माती उघडी पडली, तिथं राखेसारखा करडा डाग. ऑफिसात या डागांना टक्कल म्हणत. रिसॉर्टवाल्यानं कुंपण हळूच पुढं सरकवलं की एक टक्कल. फोटोसाठी लोक कड्यावर गर्दी करू लागले की दुसरं. जिप्सीवाल्यांनी वाघाच्या नादानं रस्ता सोडून गाडी गवतात घातली की तिसरं. दर चार-पाच दिवसांनी उपग्रह सकाळी अकराच्या आधी वऱ्हाडावरून जायचा, आणि जुनं चित्र नव्याशेजारी ठेवून रागिणी टकलं मोजायची.

इतक्या दिवसांत तिला एक गोष्ट पाठ झाली होती. टकलाला शेपूट असतं. माणसं काही आभाळातून पडत नाहीत, ती कुठून तरी चालत येतात, आणि येण्याजाण्याची वाट गवतात उमटतेच. आधी वाट दिसते, मग टक्कल मोठं होतं. याला आजवर अपवाद नव्हता.

दिवाळी उलटून गेल्यावरच्या एका चित्रात तिला अभयारण्याच्या गाभ्यातल्या कुरणात एक टक्कल दिसलं. तिथं पर्यटकांना बंदी होती, जिप्सीचा रस्ता डोंगराच्या पलीकडून जायचा. डाग चांगला गोल होता, एखाद्या खळ्याएवढा. मागच्या चित्रात तिथं लाल गवत होतं. आणि या डागाला वाट नव्हती, कोणत्याच बाजूनं नव्हती. रागिणीनं चष्मा काढून ओढणीला पुसला आणि पुन्हा पाहिलं. मग ती स्वतःशीच हसली, कारण दोष चष्म्यात असता तर बाकीचं जंगलही बिघडायला हवं होतं.

२

अशा वेळी करायचं काम ठरलेलं होतं. यंत्रावर विश्वास ठेवायचा नाही, माणूस पाठवून जागा पाहून घ्यायची. चिंचपाणी गेटचा वनरक्षक मोतीराम हा त्यातला भरवशाचा माणूस. रागिणीनं त्याला फोन केला, जागेचे अक्षांश-रेखांश पाठवले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचाच फोन आला.

"मॅडम, मी तुमच्या टकलात उभा हाये. इथं गवत माह्या कमरेले लागून राहिलं."

"नीट पाहा मोतीरामभाऊ. नाल्याच्या अलीकडं की पलीकडं?"

"चार घंट्यांपासून तेच पाहून राहिलो ना बाप्पा! मोबाईल म्हनते हेच ठिकान हाये. एक काडी मोडली नाई इथं."

त्यानं फोटो पाठवला. सोनेरी वाळत आलेलं दाट गवत, वर निळं आभाळ, कोपऱ्यात त्याचं बोट. रागिणीनं फोटो आणि चित्र शेजारी ठेवलं. ढगाची सावली म्हणावी तर त्या दिवशी ढग नव्हते. यंत्राची चूक म्हणावी तर यंत्र चुकलं की रेघा पडतात, गोल पडत नाही. पुढच्या चित्रात डाग तसाच होता, उलट कडा जास्त ठसठशीत झाल्या होत्या.

"एक तर उपग्रह खोटा बोलून राहिला नाही तर मोतीराम," गावंडे साहेब म्हणाले. ते ऑफिसचे प्रमुख, पोट सुटलेले, निवृत्तीला टेकलेले. "दोघंई सरकारी. आपन कोनाच्या भानगडीत पडा?"

मोतीरामला हे सांगितल्यावर तो खळाळून हसला. वणवा अडवायच्या जाळरेषेचं गवत काढायला त्याच्याकडे मजूर आलेले होते. त्यांना घेऊन येत्या पाळीला, उपग्रह जायच्या वेळी, तो त्याच जागी उभा राहणार होता. "मी वर पाहून हात हालवतो. दिसतो का सांगा." रागिणीनं त्याला सांगितलं की एवढ्या उंचीवरून अख्खी जिप्सीसुद्धा धड दिसत नाही. "मंग आमी सगळे हालवतो," तो म्हणाला.

याच गेटवर रागिणीचा धाकटा भाऊ नितेश जिप्सी चालवायचा. पुण्याच्या कंपनीत दोन वर्षं काढून, तिथल्या खोलीला आणि जेवणाला कंटाळून तो परत आला होता, आणि गेटवर ओळख सांगून त्याला गाडीवर लावलं ते रागिणीनंच. तिच्यापेक्षा बराच लहान. पातूरच्या घरी आई शेतात मजुरीला जायची तेव्हा तो रागिणीच्या कडेवरच वाढला. आई जमुनाबाई अजून म्हणायच्या की पोट्टं मी पैदा केलं, पण माय त्याची रागिणीच. तिला स्वतःचं मूल नव्हतं, लग्न मोडलं होतं, आणि या पोरावर तिचा जीव होता. त्यात काही लपवण्यासारखं नाही.

३

मोतीराम मेल्याची बातमी तिला नितेशनंच दिली. उपग्रह गेला त्याच दिवशी, दुपारी.

"ताई, मी अकोटच्या दवाखान्यात हाये. मोतीरामभाऊले माह्याच जिप्सीत आनलं." मागं कुणी बाई रडत होती. "जनावराचं काम नाई हे. जनावर फाडते, खाते. याले कोनी फाडलं नाई."

"मग?"

"तुडवलं."

पुढचं त्यानं सांगू नये असं तिला वाटत होतं आणि तो सांगत होता. छाती राहिली नव्हती. गळ्यातली शिट्टी हाडांत रुतून बसली होती, डॉक्टरला ती चिमट्यानं काढावी लागली. तोंडाचा भाग मातीत इतका दाबला गेला होता की उचलताना मातीच वर आली. एक हात तेवढा अख्खा होता. जिप्सीच्या मागच्या सीटवरून रक्त अजून गळत होतं, आणि नितेशला ते धुवायला हात उचलत नव्हता.

"रानगवे असतील," रागिणी म्हणाली. "कळप उधळला असेल."

"साहेब लोकंई तेच म्हनून राहिले. पन मी पाह्यली ना जागा. गवत साफ, जमीन फरशीसारखी कडक. बूट, चपला, अनवानी पाय, सगळे ठसे होते. खुराचा एक नाई."

"आणि मजूर?"

"ते नाल्यावर बसले होते. पाय धूत होते. मी इचारलं, मोतीरामभाऊ कुठं हाये? तं सगळे म्हने, आमच्यासोबतच तं होता. असं म्हनून इकडंतिकडं पाहू लागले, जसा तो आत्ता झाडाआडून येईन."

कागदावर रानगवेच आले. मजुरांनी जबाब दिला की मोतीराम पुढं एकटा गेला होता, त्यांना काही दिसलं नाही. ते रडत होते, आणि त्यांचं रडणं खोटं नव्हतं, हे नितेशनंही कबूल केलं. रागिणीनं संध्याकाळी नवं चित्र उघडलं. तिथं तेच गोल टक्कल होतं, आधीच्या दोन चित्रांत होतं तसंच. फरक इतकाच की आता ते खरं झालं होतं. तिनं लॅपटॉप मिटला.

४

माणसाचं डोकं मोठं सोयीचं असतं. नको ते समोर आलं की ते लगेच दुसरं काहीतरी पुढं करतं. रागिणीनं स्वतःला समजावलं की गवत मुळातच आतून सुकलं असेल, वरून करडं आणि खालून उभं, आणि गवे तिथं येणं हा निव्वळ योगायोग. ती आठवडाभर या समजुतीवर जेवली-झोपली. मग एका रिसॉर्टच्या मागं, कुंपणापासून थोड्या अंतरावर, दुसरा गोल दिसला. त्यालाही वाट नव्हती. तिनं गावंडे साहेबांना दाखवला. साहेब म्हणाले, लॉन करत असतील. रिसॉर्टजवळ माणसं असतात, तेव्हा हे पटण्यासारखं होतं, आणि तिनं ते पटवून घेतलं.

तिथं उत्तमराव मेले. अकोल्याच्या एका कॉलनीतली सकाळी फिरायला जाणारी निवृत्त मंडळी दोन दिवसांच्या सहलीला आली होती, त्यांतले ते एक. बँकेतले साधे गृहस्थ. न्याहारीच्या आधी सगळे गवतात फिरायला गेले, आणि उत्तमराव सोडून सगळे परत आले.

त्यांचा मोबाईल गवतात सापडला. पोलिसांच्या हाती जाण्यापूर्वी त्यातली एक चित्रफीत गेटवरच्या पोरांनी आपापल्या फोनवर घेऊन ठेवली होती. नितेशनं ती रागिणीला पाठवली, आणि पाहू नको असंही खाली लिहिलं. तिनं भर दुपारी, ऑफिसात माणसं असताना, कानाला तारा लावून ती पाहिली.

फोन उताणा पडलेला असावा. नुसतं आभाळ आणि गवताचे चार तुरे. आवाज मात्र स्पष्ट होता. धप्, धप्, धप्. उखळात डाळ कांडताना दोघी बायका मुसळाची लय धरतात तसा, घाई न करता. त्यात मधे उत्तमरावांचं ओरडणं. आधी ते नावं घेऊन ओरडत होते, मग देवाला, मग नुसतंच. मग काहीतरी जाड मोडल्याचा आवाज आला आणि ओरडणं थांबलं. धप् धप् थांबलं नाही. ते बराच वेळ चालू राहिलं, फक्त ओलसर झालं. गवताच्या एका तुऱ्यावर लाल थेंब उडाले. आणि मग एका बाईचा आवाज आला, अगदी घरातला, "चला बाई, पोहे थंड होतात."

रागिणीनं तारा काढल्या. शेजारच्या टेबलावरची सीमा डब्यातलं लोणचं पुढं करत होती.

"तो आवाज मी वळखतो ताई," रात्री नितेश म्हणाला. "त्या बाई माह्याच गाडीत होत्या. लय चांगल्या. मले त्याइनं चिवडा देल्ला."

"म्हातारी माणसं हायेत नित्या. गुडघे धरून चालनारी. काई बोलतं!"

"पोलिसाइनं इचारलं त्याइले. सगळे म्हनतात उत्तमराव एकटे पुढं गेले होते. बूट मात्र सगळ्याइचे वले. दव पडलं होतं म्हने."

एकटे पुढं गेले होते. रागिणीनं तेवढंच धरून ठेवलं. मोतीरामही एकटा पुढं गेला होता. जे काही आहे ते एकट्या माणसाला गाठतं, हे तिच्या मनानं घेतलं. चित्रफितीतल्या त्या बाईचा आवाज तिनं रिसॉर्टच्या स्वयंपाकघरातला ठरवून टाकला. तिचं चुकलं ते इथं. पण तिच्या जागी असतो तर आपणही हेच ठरवलं असतं, कारण दुसरं ठरवलं तर पोह्याच्या ताटावर बसायचं कुणासोबत?

५

तिसरं टक्कल तिनं रविवारी पहाटे घरी पाहिलं. चित्र आदल्या संध्याकाळी आलेलं होतं, पण उघडायची छाती झाली नव्हती. चिंचपाणी गेटच्या बाजूला, जिप्सी ओळीनं उभ्या राहतात त्याच्या मागच्या गवतात, गोल डाग. ती जागा तिला माहीत होती. नितेश गाडीत बसून डबा खायचा तो त्या गवताकडे पाठ करून. रागिणीनं लगेच त्याला फोन लावला.

फोन उचलला गेला तेव्हा नितेश गाडी पुसत होता.

"नित्या, आज गाडी सोड. आत्ताच्या आत्ता पातूरले जा, आईकडं."

"रविवार हाये ताई! सकाळची सफारी भरून हाये. काहून जाऊ?"

"मी सांगते म्हनून जा."

त्यालाही कळलं असणार. "दिसलं का तुले?" त्यानं हळूच विचारलं. "कुठं?"

"तुह्या गाडीमागं."

मग त्यानं वाद घातला नाही. पाहुणे गाडीपाशी आले होते, त्यांना तो आता नाही म्हणू शकत नव्हता, पण एवढी फेरी आटोपून निघतो म्हणाला. रागिणी म्हणाली, मी येते, मी स्वतः तुला घेऊन जाते. "आणि एक ऐक. एकटा राहू नको. लघवीले गेला तरी कोनाले तरी घेऊन जा. चार माणसांत राहा. एवढं कर माह्यासाठी."

"हाव," तो म्हणाला.

दर्यापूरमार्गे अकोटची एसटी तिला मिळाली. खिडकीबाहेर तुरी फुलावर होत्या, कापूस फुटलेला होता, वेचणाऱ्या बायका ओळीनं वाकलेल्या. रागिणीला त्यातलं काही दिसत नव्हतं. ती सारखी फोन करत होती, आणि जंगलात गेलेल्या नितेशचा फोन लागत नव्हता. अकोटच्या स्टँडवर तिनं एका काळीपिवळीवाल्याला दुप्पट भाडं देऊन गेटकडे पळवलं.

६

ती पोचली तेव्हा उन्हं चांगली वर आली होती आणि गेटवर जत्रा होती. मुंबई-नागपूरच्या गाड्या, टोप्या, गॉगल, भज्यांचा घाणा, रडणारी पोरं. नितेश परत आलेला होता. तो दहा-बारा माणसांच्या घोळक्यात उभा राहून चहा पीत होता, तिला दिलेल्या शब्दाप्रमाणे. त्याला धडधाकट पाहून रागिणीला रडूच आलं. तिनं लोकांसमोर त्याच्या तोंडावरून हात फिरवला. तो लाजला.

"काय ताई, पोट्टे हासून राहिले."

"हासू दे. चल."

रस्ता गाड्यांनी तुंबलेला होता. काळीपिवळी दूर, वळणापाशी उभी होती. जिप्सींच्या मागं जायचं नाही म्हणून ते समोरच्या अंगानं, दुकानांच्या मागच्या पडीक शेतातून निघाले. इथं आदल्या दिवशीच्या चित्रात काही नव्हतं. रागिणीनं ते तीनतीनदा पाहिलेलं होतं. गवत मांडीएवढं होतं. ती पुढं, तो मागं, आणि तिनं त्याचं मनगट धरलेलं.

"ताई!"

तो मटकन खाली बसला होता. पोटरी दोन्ही हातांनी आवळलेली. "साप. चावला का काय मालूम. मोठा होता, तिकडं गेला."

आता वऱ्हाडात कोणत्याही रानात, शेताच्या कोणत्याही धुऱ्यावर, हा शब्द ऐकला की माणूस काय करतो? एकट्यानं निस्तरत बसत नाही. बोंब मारतो. रागिणीनं सगळा जीव एकवटून बोंब मारली. "धावा वो! साप! माह्या भावाले साप चावला!"

माणसं धावली. कुणी चहाचा ग्लास टाकून, कुणी पोर खाली ठेवून. जिप्सीवाले, भजेवाला, गॉगलवाले, दोन पोलीस, नऊवारीतली एक म्हातारी. कुणी म्हणालं, वरून दोरी बांधा. कुणी म्हणालं, गाडी आणा. आणि एक जाणता जिप्सीवाला ओरडला, "आधी गवत दाबा! पाय आपटा, साप जवळच असन!" हे बरोबरच होतं. जमीन हादरली की साप निघून जातो आणि गवत आडवं झालं की दिसतो. लहानपणापासून सगळे हेच करत आलेले. सगळ्यांनी नितेशभोवती रिंगण धरलं आणि पाय आपटायला सुरुवात केली. रागिणीही आपटू लागली. एवढी माणसं आली याचा तिला आधार वाटत होता. धप् धप् धप्. गवत चारी बाजूंनी आडवं झालं.

नितेशनं पोटरीवरचे हात काढले. कातडीवर ओरखडासुद्धा नव्हता. तो हसला, ओशाळून.

"नाई चावला ताई. गेला तो. बस करा आता, बस."

कुणीच थांबलं नाही. आधी पाय वेगवेगळे पडत होते, ते आता एकदम पडू लागले होते. रिंगण एक पाऊल आत आलं. रागिणीनं शेजारच्या म्हातारीकडे पाहिलं. म्हातारी नितेशकडे मायेनं पाहत होती, आणि तिचा पाय उचलला जात होता आणि पडत होता. गॉगलवाला कुणाशी तरी फोनवर जेवणाचं बोलत होता. भजेवाल्याच्या बोटांना पीठ लागलेलं होतं.

"ताई, थांबव याइले."

थांबा, असं ती म्हणणार होती. तिनं तोंड उघडलं. श्वास तेवढा बाहेर आला, पायासोबत, सगळ्यांच्या श्वासासोबत. तिनं स्वतःच्या पायाकडे पाहिलं. निळ्या पट्ट्याची चप्पल वर गेली, खाली आली. हा माझा पाय आहे, मी याला थांबवते, असं तिनं मनाशी अगदी स्पष्ट म्हटलं. चप्पल वर गेली.

पहिला पाय नितेशच्या हातावर पडला तेव्हा त्याची बोटं मोडल्याचं तिनं ऐकलं. तो उठायला गेला, कुणाच्या तरी बुटानं त्याला मागं दाबलं, रागानं नाही, सवयीनं. मग त्याची बरगडी गेली. तो "आई" म्हणाला. मग तो "ताई" म्हणाला, आणि धड असलेला दुसरा हात त्यानं तिच्याकडे केला. तिनं वाकून तो हात धरला. दोन्ही हातांनी, घट्ट. तिला तेवढं करता आलं. त्याचे डोळे तिच्यावर होते, आणि वरून ऊन पडत होतं, आणि तिच्या पायाखाली जे होतं ते आधी कडक लागत होतं, मग मऊ लागू लागलं.

७

जबाब रागिणीनंही दिला. ती म्हणाली की मी त्याचा हात धरला होता, मी एक क्षणभर सोडला नाही. हे खरंच होतं. पोलिसांनी तिला पाणी दिलं. कागदावर काय लिहायचं ते त्यांचं त्यांनी पाहिलं. त्यांच्यातलेही दोघं तिथं होते.

पातूरच्या घरी माणसं लोटली. पुण्यानुमोदनाच्या विधीला अजून वेळ होता, पण भावकी, गल्लीतले, शेतात बरोबर जाणाऱ्या बायका, सगळे येऊन अंगणात बसत. जमुनाबाई मधे, भिंतीला न टेकता, पाण्याच्या तांब्यासमोर बसलेल्या असत. त्यांना रडू येईनासं झालं होतं. त्या रागिणीचा दंड धरत आणि पुन्हा पुन्हा तेच विचारत, "तू होती ना जवळ? एकटा तं नव्हता ना माहा लेक?" रागिणी सांगायची, "नाई आई, एकटा नव्हता."

अशाच एका सकाळी गावंडे साहेबांचा फोन येत राहिला. तिनं उचलला नाही. नवं चित्र आलेलं असणार. तिनं फोन पदराखाली ठेवला आणि आईजवळून उठून बायकांच्या रांगेत जाऊन बसली, जरा लांब. माणसं आणखी येत होती. जागा उरली नाही तसे पुरुष पाठीमागं उभे राहिले. माणिकबाई नावाची शेजारीण जमुनाबाईंचं सांत्वन करत होती, बाकी सगळे गप्प होते. अंगण नुकतंच शेणानं सारवलेलं होतं, गुळगुळीत.

जमुनाबाईंनी मान वर केली. त्या आधी लेकीच्या तोंडाकडे पाहत राहिल्या, मग खाली.

"रागिणे," त्या म्हणाल्या, "पाय काहून हालवून राहिली वो?"

रागिणीनं दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला. तेवढ्यात तिला शेजारणीचा पाय दिसला, आणि त्याच्या पलीकडचा.